पांढरा राखायला शीक

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी

चि. मुक्ता,

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेले सायनोटाइप पाहिले. मोबाइलच्या पडद्यावर प्रिंट जोखता येत नाही, कारण पडदा स्वतःच उजळलेला असतो. म्हणून तिथे नुसता अंगठा दाखवला आणि मत इथे लिहितो आहे. तरीही एक गोष्ट पडद्यावरसुद्धा लपली नाही. निळा छान आलाय, पांढरा मात्र कुठेच नाही. पानाच्या शिरा, खिडकीतलं आभाळ, कागदाची न छापलेली कड, सगळीकडे फिकट आकाशी झाक आहे. तू लिहिलंस, "आप्पा, निळा किती गडद आलाय बघा!" बघितला. पण या कामात निळा कुणालाही येतो. सुट्टीतल्या शिबिरात आठ वर्षांच्या पोरांनाही येतो. लोखंडाचा एक क्षार, फेरिसायनाइड, कागद आणि ऊन एकत्र आले की निळा यायचाच, त्यात तुझं-माझं कर्तृत्व काही नाही. पांढरा मात्र राखावा लागतो, आणि शिकायचं असेल तर ते शिक.

मी सरकारी ड्रॉइंग ऑफिसात लागलो तेव्हा अमोनिया प्रिंटचं यंत्र आलेलं होतं आणि त्याच्या वासाने अख्खा मजला डोळे चोळत असे. पण गच्चीवर जुनी फेरोची चौकट अजून होती आणि ती चालवणारे फेरो खलाशी निवृत्तीला टेकले होते. ट्रेसिंग क्लॉथवर काळ्या शाईने काढलेला नकाशा काचेखाली घालायचा, त्याच्याखाली फेरो कागद, मागे नमदा, मग फळी आणि खटके. चौकट उन्हाकडे कलती करायची आणि वेळ झाली की कागद पाण्याच्या हौदात सोडायचा. शाई होती तिथे पांढरी रेघ, बाकी सगळं निळं. फेरो किंवा ब्लूप्रिंट म्हणतात तो हाच, आणि तुझा सायनोटाइपही हाच, त्यात काही फरक नाही. प्रिंट वाळला की खलाशी निळ्याकडे बघतसुद्धा नसत. ते मापांचे आकडे वाचत. आकडा स्वच्छ पांढरा नसेल तर साइटवर कुणीतरी 3 चा 8 वाचतो आणि पाया भलतीकडेच खणला जातो. तुझ्या पानाफुलांवरून कुणी इमारत बांधणार नाही, पण कसोटी तीच लाव.

ही कृती सर जॉन हर्शेल यांची, सन १८४२ ची. गृहस्थ खरे खगोलशास्त्रज्ञ, पण रसायनात हात तितकाच मुरलेला. चांदीचे क्षार हायपो नावाच्या रसायनात विरघळतात हे त्यांनी १८१९ मध्येच दाखवून ठेवलं होतं आणि फोटो पक्का करण्याची वाट पुढे त्यातूनच निघाली. १८४२ च्या सुमारास ते फुलांचे रस, लोखंडाचे क्षार, जे मिळेल ते कागदावर लावून उन्हात धरत होते. तुझ्या बाटलीतलं फेरिक अमोनियम सायट्रेट त्या काळी औषध म्हणून वापरात होतं, अंगातलं लोह वाढावं म्हणून लोक ते घेत. पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, ॲना ॲटकिन्स या वनस्पती अभ्यासणाऱ्या बाईंनी ही नवी युक्ती उचलली आणि ब्रिटनच्या समुद्री शेवाळांचं पुस्तक छापायला घेतलं. ते भागाभागाने १८५३ पर्यंत चाललं. कॅमेरा नाही, निगेटिव्ह नाही. लेप दिलेल्या कागदावर सुकवलेलं शेवाळ ठेवायचं, वर काच दाबायची आणि उन्हात ठेवायचं. नावंसुद्धा हातानेच लिहून त्याच पद्धतीने छापलेली आहेत. बाईंनी प्रस्तावनेखाली नुसतं 'ए. ए.' लिहिलं, तर पुढे एका संग्राहकाने त्याचा अर्थ 'अनॉनिमस अमॅच्युअर', म्हणजे 'अनामिक हौशी', असा लावला! खुद्द हर्शेल यांच्याकडे असलेली प्रत आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे आणि तिची पानं इंटरनेटवर मोठी करून बघता येतात. बघताना निळा सोडून दे. शेवाळाच्या पातळ पाकळीतून थोडं ऊन गेलं आहे तिथे मधला निळा आहे, जाड देठाने ते अडवलं आहे तिथे पांढरा आहे, आणि दोन्हींच्या मधल्या पायऱ्या एकेक करून मोजता येतात. त्या पायऱ्या दिसतात त्या देठाच्या पांढऱ्यामुळे. तो मळका असता तर सगळं पान एका सुरात गेलं असतं.

आत काय घडतं तेही समजून घे, म्हणजे पुढचं सांगणं हुकूम वाटणार नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी फेरिक लोखंडाचं फेरस होतं आणि ते फेरिसायनाइडशी जुळून प्रशियन ब्लू तयार होतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही, कागदाच्या तंतूंत बसून राहतो. ऊन न लागलेले क्षार विरघळतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. म्हणजे निळा घडतो आणि पांढरा उरतो. जायला हवं ते सगळं गेलं तरच उरतो, आणि न जाण्याची कारणं पुष्कळ आहेत.

म्हणून पहिलं काम सांगतो. काही दिवस एकही चित्र छापू नकोस. फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरव्या जातीचं, २५ ग्रॅम घेऊन शुद्ध पाण्यात १०० मिली द्रावण कर. दुसऱ्या बाटलीत पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, तेही १०० मिलीपर्यंत. बाटल्या तपकिरी काचेच्या घे. पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड चालतं. दोन्ही द्रावणं वेगळी ठेवलीस तर टिकतात, मिसळलेलं टिकत नाही, तेव्हा लागेल तेवढंच मिसळ. आठ बाय दहा इंचांच्या कागदाला दोन-तीन मिली पुरतं. ते मोजायला सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज उत्तम. सायट्रेटच्या बाटलीत काही आठवड्यांनी बुरशी धरते, म्हणून थोडं थोडंच कर. ब्रश पत्र्याच्या कडीचा नको, लोखंड सुटलं की निळे ठिपके पडतात.

आता खोली अंधारी करून, मंद पिवळ्या दिव्याखाली कागदाला लेप दे. आधी उभे हात, मग आडवे. थांबलेला ओघळ पुसून काढ. लेप लिंबासारखा पिवळा, किंचित हिरवट दिसला पाहिजे. अंधारातच वाळव आणि उन्हाला अजिबात न दाखवता तसाच धुऊन टाक. वाळल्यावर त्याच कागदाच्या कोऱ्या तुकड्याशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवून बघ. दोन्ही तुकड्यांतला फरक ओळखू आला नाही तर तुझी अर्धी विद्या झाली. निळसर झाक राहिली तर तुझं ऊन, तुझी निगेटिव्ह, तुझी कला यांचा त्यात काही दोष नाही. त्यांना तू अजून बोलावलेलंच नाहीस.

झाक राहिलीच तर संशयित चौघेच. उजेड: लेप देताना किंवा वाळताना कुठून तरी दिवसाचा उजेड आला. उष्णता: हेअर ड्रायरच्या गरम हवेने लेप तिथल्या तिथे निळा पडू लागतो. दोन मिनिटं कागदाला द्रावण पिऊ दे आणि मग पंख्याखाली वाळव. शिळेपणा: सकाळी मिसळलेलं रात्री वापरलंस, नाहीतर लेप दिलेला कागद आठवडाभर कपाटात ठेवलास. लेपाचा पिवळा जाऊन राखी-हिरवा रंग आला असेल तर तो कागद छापण्याचे कष्ट घेऊ नकोस. आणि चौथा खुद्द कागद. चौघांची झडती एकेक करून घे. तू पत्रात लिहिलंस की या वेळी कागदही बदलला, द्रावणही नवं केलं आणि धुतलंही जास्त, "आणि थोडं सुधारलं". सुधारलं खरं, पण कशाने सुधारलं हे तुला कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलने लिहून ठेव.

कागदाविषयी दुकानदारावर विसंबू नकोस. जाड आणि महाग म्हणजे चांगला असं इथे नाही. हल्लीच्या पुष्कळ चांगल्या चित्रकलेच्या कागदांत ते पिवळे पडू नयेत म्हणून खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घातलेला असतो. चित्रकाराला तो वरदान, आपल्याला शत्रू, कारण प्रशियन ब्लूला आम्ल सोसतं, अल्कली सोसत नाही. असा कागद सायट्रिक ॲसिडच्या पातळ पाण्यात बुडवलास तर बारीक बुडबुडे येतात. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवून, धुऊन, वाळवून तोच कागद वापरता येतो, पण आधी साधा सुती, खडू न घातलेला मिळतो का बघ. पुण्यात राहतेस, शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. १९४० पासूनचं काम आहे त्यांचं. तिथे जाऊन तीन-चार जातींचा एकेक ताव आण आणि प्रत्येकाचा तुकडा वरच्या कोऱ्या धुण्याला लाव. जो पांढरा राहील तो तुझा. मग वर्षभर तोच कागद वापर. दुकानात नवीन कागद दिसला की हात शिवशिवतील, ते खिशात घाल.

पाण्याचं तर मला आधीच कळलं होतं. तुमच्या सोसायटीत टँकर आणि बोअर दोन्हीचं पाणी मिसळून येतं हे तुझी आई फोनवर सांगत असते. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते ना? तोच क्षार तुझे मधले निळे खातो. धुताना चित्र डोळ्यांदेखत फिकं पडत गेलं असं लिहिलंस, ते त्यामुळे. पहिल्या ट्रेमधल्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड नाहीतर चमचाभर व्हिनेगर टाक. प्रिंट पालथा घालून हलवत राहा. पाणी पिवळं होईल, ते ओतून नवीन घे, आणि पिवळेपणा पूर्ण थांबेपर्यंत हे करत राहा. पंधरा-वीस मिनिटं लागतील. पांढऱ्यात पिवळट छटा राहिली तर ते न गेलेले क्षार आहेत, आणि उजेडात ठेवल्यावर तेच पुढे निळे पडतील. तुझ्या जुन्या प्रिंटच्या कडा महिन्याभरात निळावल्या म्हणतेस, त्याचं उत्तर हेच. ट्रे धुण्याच्या पावडरीने घासू नकोस, सोड्याचा अंश राहिला तरी डाग पडतो.

शेवटी कुणी हायड्रोजन पेरॉक्साइड घालायला सांगतात. केमिस्टकडचं एक-दोन चमचे लिटरभर पाण्यात टाकलं की प्रिंट एकदम गडद होतो आणि बघणारा खूश होतो. हवेतल्या ऑक्सिजनने दुसऱ्या दिवशी तो तसाही तितका होतोच. शिकेपर्यंत पेरॉक्साइड वापरू नको असं मी म्हणेन. त्या झटपट निळ्याने डोळा फसतो आणि पांढऱ्याकडे लक्षच जात नाही. ओल्या प्रिंटवर तर मत देऊच नये. वाळून रात्र गेली की मग बोल.

एवढं झाल्यावर ऊन. लेप दिलेल्या पट्टीवर निगेटिव्हची कोरी फिल्म ठेव, वर पुठ्ठा, आणि दर दोन मिनिटांनी पुठ्ठा थोडा सरकव. वाळल्यावर कुठल्या पायरीपुढे निळा आणखी गडद होत नाही ते शोध. तोच तुझा वेळ, त्या ऋतूचा आणि त्या प्रहराचा. एप्रिलातल्या दुपारचा वेळ डिसेंबरच्या चार वाजता चालणार नाही. चौकटीला साधी खिडकीची काच घाल आणि मागची फळी दोन तुकड्यांची, बिजागरीची करून घे, म्हणजे अर्धी उघडून प्रिंट कितपत आला ते बघता येतं. गडद भाग निळ्याच्या पुढे जाऊन राखाडी-रुपेरी दिसू लागतात. घाबरू नकोस, धुतल्यावर ते परत निळे होतात. निगेटिव्ह मात्र प्रिंटएवढीच मोठी लागते आणि संगणकावर छापलेली असेल तर डोळ्याला काळी वाटणारी शाई अतिनील किरणांना किती अडवते हे छापून बघितल्याशिवाय कळत नाही. हा वेगळाच लांबलचक विषय आहे. पहिले दोन-तीन महिने पानं, नेचे, लेस, जुन्या चाव्या छाप. पानं आधी जाड पुस्तकात दाबून सुकव, नाहीतर त्यांचं पाणी लेपात उतरतं.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे काम चिडवतं. सायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं, डब्यात त्याचा गोळा होतो. लेप दिलेला कागद दमट राहतो, निगेटिव्हला चिकटतो, शाई सोडवतो. मध्ये पातळ पारदर्शक प्लास्टिक घालून भागतं, पण माझं ऐकशील तर पावसाळ्यात वही भर, जुने प्रिंट निवड, आणि अगदीच राहवलं नाही तर अतिनील एलईडी दिवा लाव. त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघू नकोस.

एक गोष्ट कडकपणे सांगतो. फेरिसायनाइड नावाइतकं वाईट नाही, नीट हाताळलंस तर घरी चालतं. पण तीव्र आम्लाशी आणि आगीशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. तू बाथरूममध्ये धुतेस, आणि आपल्याकडे संडास साफ करायची ॲसिडची बाटली तिथेच कोपऱ्यात असते. ती बाहेर हलवल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. व्हिनेगर-सायट्रिकच्या पातळ पाण्याची चिंता नको. ट्रे, चमचे, मापं स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत, हातमोजे घालायचे, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या आणि शेजारच्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवायच्या.

निळा रंग कशाला शोभतो हा विचारही लवकर सुरू कर. इंग्लंडात एमर्सन नावाचे मोठे फोटोग्राफर होऊन गेले. त्यांनी १८८९ मध्ये निळ्यात निसर्गदृश्य छापणाऱ्यांना रानटी ठरवून टाकलं. गृहस्थ तोंडाचे तिखट होते, पण निम्मं खरं बोलले. तू तुझ्या आजीचा चेहरा छापलास, तो मला नाही रुचला. थंडीने गारठल्यासारखी दिसते. लोखंडी पूल, जिने, पंखा, धुणं वाळत घातलेली दोरी, पाण्यातल्या काठ्या, हे निळ्यात उभं राहतं. निळा नकोसाच झाला तर पक्क्या प्रिंटला हिरड्याच्या काढ्यात घालून बघ, पण वेगळ्या ट्रेमध्ये. आधी धुण्याच्या सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात निळा पिवळा होऊ द्यायचा, मग धुऊन काढ्यात. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळं होतं, आपल्याकडे शाई याच जोडीने करत. पण टॅनिन कागदालाही रंगवतं, म्हणजे पांढरा पुन्हा गेलाच. म्हणून हा खेळ खराब प्रिंटवर खेळ.

आता तुझा खरा प्रश्न: पुढे सॉल्ट प्रिंट घेऊ की गम? मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हे दोघेही त्यात होते, आणि नारायण दाजी तर स्वतः चांगले फोटोग्राफर होते. तो काळ सॉल्ट प्रिंटसारख्या चांदीच्या प्रिंटांचा, आणि तू त्याच्या ओढीने विचारतेस हे कळतं. पण सिल्व्हर नायट्रेट महाग आहे, कातडीवर काळे डाग पाडतं, डोळ्याला फार वाईट, आणि मळक्या पांढऱ्याची खोड तिथेही सुटत नाही, फक्त ती महाग पडते. गममध्ये डायक्रोमेट येतं, ते घरात आणूच नकोस. लोखंडावरच राहा. वर्षाने, कोरं धुणं दर वेळी कोरं निघू लागलं की, माइक वेअर यांची १९९० च्या दशकातली सुधारलेली सायनोटाइप कृती घे. तिच्यात सायट्रेटऐवजी ऑक्झलेट आहे, ऊन कमी लागतं आणि प्रशियन ब्लू धुण्यात वाहून जात नाही.

प्रिंट भिंतीवर लावलास आणि उन्हाने फिका झाला तर फेकू नकोस. काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेव, हवेने तो बराचसा परत येतो. मात्र जुने फोटो ठेवायला खडू घातलेली जी 'आम्लरहित' पाकिटं मिळतात त्यांत घालू नकोस, साधा सुती कागद मध्ये घाल.

पुढच्या वेळी मला चित्र नको. चार कागदांचे न छापता धुतलेले तुकडे पाठव, प्रत्येकाशेजारी त्याचाच कोरा तुकडा चिकटवून, मागे कागदाचं नाव, पाण्याचं नाव आणि वाळवल्याची वेळ लिहून. टपालाने पाठव, फोटो काढून नको. बाबाला सांग, चौकटीचं माप मी कळवीन, सुताराला आत्ताच काच कापायला सांगू नको. तुझ्या आजीला नमस्कार.

तुझा,
आप्पाआजोबा